बुवाचे दुखणे

सरपटणाऱ्या प्राण्याच्या आजारातली पहिली अडचण ही, की तो आजारी आहे हेच बराच काळ कळत नाही. गाय रवंथ थांबवते, कुत्रा कोपऱ्यात जाऊन कण्हतो, मांजर अंग चाटायचे सोडते. सरडा मात्र कालच्याच जागी, कालच्याच ऐटीत दगडावर बसून राहतो. रानात जो दुबळा दिसतो तो आधी उचलला जातो, त्यामुळे दुखणे लपवण्याची सवय या जातीच्या हाडीमाशी खिळलेली आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या काचेच्या पेटीत वाढूनही ती सुटलेली नाही. आमच्या घरच्या बियर्डेड ड्रॅगन जातीच्या सरड्याने, म्हणजे बुवाने, आपला आजार असाच लपवला, आणि तो आम्हाला कळला तेव्हा त्याची मूत्रपिंडे बरीचशी निकामी झालेली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर तो गेला. त्या काळात मी रात्री-अपरात्री मोबाइलवर जे शोधत होते ते मराठीत मला सापडले नाही, म्हणून हे लिहीत आहे. कोणाच्या उपयोगी पडेल की नाही हा प्रश्न निराळा.

बुवा मूळचा माझ्या भाच्याचा. पुण्यात नोकरीला असताना त्याने तो पिल्लू असताना एका हौशी माणसाकडून घेतला होता. २०२० च्या टाळेबंदीत भाचा गावी परतला तेव्हा पेटी, दिवे आणि किड्यांचे डबे यांच्यासह बुवाही आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी आला, आणि पुढे भाचा जर्मनीला गेला तेव्हा तो इथेच राहिला. चिडला की हनुवटीखालची काटेरी कातडी फुगवून काळी करायचा आणि तेव्हा मठातल्या एखाद्या तापट बैराग्यासारखा दिसायचा, म्हणून सासूबाईंनी त्याला बुवा म्हणायला सुरुवात केली. भाच्याने हौसेने ठेवलेले नाव महिनाभरात सगळे विसरले. घरात सरडा पाळणे सासूबाईंना सुरुवातीला मुळीच मान्य नव्हते. मात्र या प्राण्याच्या डोक्यावर मधोमध एक बारीक ठिपका असतो, त्याने प्रतिमा दिसत नसली तरी उजेड आणि सावली कळते, आणि म्हणूनच त्याला वरून झडप घालून उचलायचे नसते, हे मी त्यांना सांगितल्यावर त्या थोड्या नरमल्या. तिसरा डोळा असलेल्याला घराबाहेर काढणे त्यांना बरे वाटले नसावे. त्यांनी एकच अट घातली, की त्याने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही आणि त्याला हात लावणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाजवळ जायचे नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरू शकतो हे त्यांना ठाऊक नव्हते, पण अट अगदी योग्य होती.

हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या कोरड्या मुलखातला. त्या देशाने आपल्या वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर अनेक दशकांपासून बंदी घातलेली आहे, त्यामुळे जगभर घराघरांत दिसणारे बियर्डेड ड्रॅगन हे फार पूर्वी बाहेर गेलेल्या प्राण्यांचे, पेटीत जन्मलेले वंशज आहेत. वाळवंटी जीव आहे म्हटल्यावर गावातल्या प्रत्येकाचे मत पडले की विदर्भाचा उन्हाळा याला मानवणार. प्रत्यक्षात त्याला ४० अंशांच्या आसपासची ऊब लागते ती बसण्याच्या एका दगडावर, आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीस अंशांचा गारवा लागतो, म्हणजे शरीर तापले की त्याला सरकायला जागा उरते. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतही ४५ अंश असतात तेव्हा सरकणार कुठे? त्याच्या मायभूमीत तो अशा वेळी बिळात शिरतो. आमच्याकडे तो कूलरच्या खोलीत असायचा, आणि वाळ्याच्या ताट्यांच्या ओल्या वासात सासूबाई, माझे यजमान आणि बुवा असे तिघे दुपारी तिथे पडलेले असत. हिवाळ्याची तऱ्हा याच्या उलट. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि उघड्या शेतांच्या मधोमध असलेल्या आमच्या गावात थंडी शहराहून कमी नसते; त्या दिवसांत रात्रभर उजेड न देणारा तापक लावावा लागे.

खाण्याचे गणित त्याहून नाजूक होते. सोयाबीनच्या शेतात नाकतोडे हवे तितके, पण फवारणीच्या दिवसांत त्यांतला एकही घरात आणायचा नाही, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आमच्या भागात अजून कोणी विसरलेले नाही. त्यामुळे दुबिया जातीची झुरळे डब्यात वाढवावी लागली. जूनच्या सुरुवातीला खिडक्यांना जाळ्या लागत, कारण काजवे खाल्ल्याने हे सरडे दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकांनी केलेल्या आहेत आणि आमच्याकडे पहिल्या पावसाच्या आधी बांधाबांधांवर काजवे चमकतात. पालेभाज्यांत पालक, चिवळ आणि अंबाडी यांच्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते म्हणून ती टाळायची. शेवग्याचा पाला, गाईसाठी लावलेला लसूणघास, किसलेले कोहळे आणि जास्वंदीची फुले चालायची. जास्वंद तो रंग पाहूनच धावायचा. देवपूजेसाठी तोडलेल्या फुलांतले एक फूल सासूबाई बाजूला काढून ठेवायला कधी लागल्या ते मला नक्की सांगता येणार नाही, पण पुढे ती रीतच पडली.

आजाराची सुरुवात हिवाळ्यात झाली आणि हिवाळ्यानेच ती झाकली. थंडीत हे प्राणी मंदावतात, कित्येक आठवडे खाणे जवळपास सोडून कोपऱ्यात डोळे मिटून पडतात, आणि हे अगदी नैसर्गिक असते. बुवा दरवर्षी डिसेंबरात असा पडायचा आणि संक्रांतीनंतर उठायचा. या वर्षीही तो पडला. फरक एवढाच होता की निरोगी सरडा या झोपेत फारसे वजन गमावत नाही, आणि बुवाचा आकडा मात्र काट्यावर प्रत्येक रविवारी थोडा थोडा उतरत होता. शेपटीचे मूळ, जिथे चरबी साठते, ते बसू लागले. जानेवारी सरता सरता तो उठला खरा, पण जास्वंदीच्या फुलाकडे पाहून त्याने डोळे मिटून घेतले. मग एका सकाळी उन्हात नेताना त्याच्या मागच्या पायाची बोटे मला जाड दिसली, आणि तो चालताना पाय उचलण्याऐवजी ओढत होता.

आमच्या भागातल्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर सज्जन माणूस आहेत. म्हशीची वार अडकली, शेळीचे पोट फुगले, बैलाच्या खुराला जखम झाली, तर त्यांच्याइतका कुशल हात पंचक्रोशीत नाही. त्यांनी बुवाला टेबलावर घेतले, उलटसुलट करून न्याहाळले आणि सरळ सांगितले, की सरड्याचे औषध आपल्याला येत नाही आणि अंदाजाने इंजेक्शन द्यायला आपला हात धजावणार नाही. असे स्पष्ट सांगणारे डॉक्टर माणसांनासुद्धा दर वेळी मिळत नाहीत. त्यांनीच नागपुरात विदेशी प्राणी पाहणाऱ्या आपल्या एका जुन्या वर्गबंधूला फोन लावून दिला.

नागपूर आमच्यापासून एसटीने अडीच-तीन तासांवर आहे. पण एसटीत सरड्याची पेटी घेऊन बसण्यापेक्षा त्याची ऊब टिकवणे अवघड, म्हणून ओळखीच्या एका मुलाची गाडी ठरवली आणि गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी शेपटीच्या खालच्या बाजूच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतले, एक्स-रे काढला, आणि संध्याकाळपर्यंत निदान हाती आले: मूत्रपिंडे थकली होती, रक्तातले युरिक ॲसिड फार वाढले होते आणि ते सांध्यांत साचत होते. थोडक्यात, बुवाला गाउट झाला होता.

विज्ञानाची शिक्षिका असल्यामुळे मला पुढचे समजून घेणे भाग होते आणि डॉक्टरांनीही ते सविस्तर समजावले. आपल्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन आपण युरियाच्या रूपाने भरपूर पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. कोरड्या मुलखातल्या सरड्याला एवढे पाणी उधळणे परवडत नाही, म्हणून तो त्याचे युरिक ॲसिड करतो आणि पांढऱ्या, खडूसारख्या गोळीच्या रूपात जवळजवळ पाणी न गमावता टाकून देतो. पक्ष्यांचेही असेच असते. विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. ही सोय फार हुशार आहे, पण युरिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही, आणि मूत्रपिंड ते बाहेर काढण्यात कमी पडले की त्याचे स्फटिक सांध्यांत, आतड्यांच्या आवरणावर, अगदी हृदयाच्या पिशवीवरसुद्धा बसू लागतात. कारण काय, असे मी विचारले. वय, दीर्घकाळ कमी पडलेले पाणी, किड्यांतून गेलेली प्रथिने, एखादा जुना संसर्ग, यांपैकी काहीही किंवा सगळेच असू शकते, आणि कोणत्याही एका गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही, असे ते म्हणाले. आजारी जिवाच्या भोवती बसलेल्या माणसाला कारण हवे असते, कारण सापडले की निदान रागाला जागा मिळते. मला ती मिळाली नाही, आणि आता विचार करताना त्यात माझी सुटकाच झाली असे मी मानते.

उपचार तीन होते: पाणी, ऊब आणि ॲलोप्युरिनॉल. शेवटचे नाव ऐकून मला हसू आले, कारण ती गोळी आमच्या घरातच होती. सासूबाई गुडघ्यांसाठी ती कित्येक वर्षे घेत आहेत. तरीही गावातल्या मेडिकलमधून नवी पट्टी घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने, सासूबाईंची पट्टी तर परवाच नेली होती, असे म्हणून कोणासाठी ते विचारले, आणि मी खरे ते सांगितले.

“मॅडम, सरड्याले बी युरिक ॲसिड होते काय जी?”

होते, म्हटले. त्याने पट्टी कागदात गुंडाळता गुंडाळता दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना ही बातमी सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली. गोळी १०० मिलिग्रॅमची आणि बुवाचे वजन अर्ध्या किलोच्या आत, त्यामुळे डॉक्टरांनी काढून दिलेली मात्रा तिच्या एका लहानशा अंशाएवढी होती. पूड पाण्यात कालवून सुई नसलेल्या सिरिंजने ओठांच्या कडेला थेंब थेंब द्यायची. मात्रा इथे मुद्दामच लिहीत नाही, कारण ती त्या प्राण्याच्या वजनावर आणि रक्ताच्या तपासणीवर ठरते, आणि ही गोळी नवे युरिक ॲसिड तयार होणे कमी करते, आधी साचलेले मात्र काढून टाकत नाही. सासूबाईंनी दोघांच्या गोळ्यांची वेळ एक करून टाकली. सकाळी त्या आपली गोळी घेत आणि मग मला हाक मारीत, “बुवाची झाली का वं?”

सलाइनचे इंजेक्शन गावातल्या डॉक्टरांनी शिकून घेतले, आणि त्यात त्यांनाही एक नवी गोष्ट कळली. सरपटणाऱ्या प्राण्यांत शेपटी आणि मागच्या पायांकडून येणाऱ्या रक्ताचा काही भाग हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडांतून जातो, म्हणून औषधाची सुई शक्यतो शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात द्यायची असते, नाहीतर औषध अंगभर पसरण्याआधीच मूत्रपिंडांवर त्याचा भार पडू शकतो. डॉक्टरांनी ते आपल्या डायरीत लिहून ठेवले. पुन्हा कोणता सरडा त्यांच्याकडे येणार होता, देव जाणे.

ऊब ही त्या उपचारांतली सर्वांत कठीण गोष्ट ठरली. थंड रक्ताच्या प्राण्याचे शरीर जेवढे उबदार तेवढेच त्याचे पचन, तेवढीच त्याची प्रतिकारशक्ती आणि तेवढेच औषधाचे काम. पेटी गार पडली की दिलेले औषध नुसते आत पडून राहते. फेब्रुवारीच्या रात्री आमच्याकडे अजून गारठा असतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. इन्व्हर्टरवर पंखा आणि दोन दिवे चालतात, तापक लावला की तो तासाभरात हात टेकतो. अशा रात्री यजमान उठून चुलीवर पाणी तापवीत, बाटल्या भरीत, आणि एक अक्षर न बोलता पुन्हा झोपत. त्यांनी बुवाला कधी मांडीवर घेतले नव्हते, त्याचे नावही ते क्वचितच उच्चारीत; कापसाच्या भावाच्या काळजीत असलेल्या माणसाने मध्यरात्री सरड्यासाठी पाणी तापवावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

दुपारी शाळेतून आल्यावर त्याला कोमट पाण्याच्या घमेल्यात पोटापर्यंत बसवायचे. कातडीतून पाणी शोषले जाते हा समज चुकीचा आहे, पण पाण्यात बसला की तो कधी कधी मान खाली घालून चाटायचा, आणि चाटला तर तेवढेच खरे. सातवीतल्या दोन मुली त्या वेळी नेमाने यायच्या. एकीने त्याच्या नावाने वही केली होती आणि त्यात वजन, पाणी, शी अशा रकान्यांत ती रोजची नोंद ठेवत असे. मी तिला तसे सांगितले नव्हते.

गावातल्या लोकांविषयी तक्रार करायला मला जागा नाही, तरी एक गोष्ट मला त्या दिवसांत सलत राहिली. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा आमच्या आळीतही बैल गेले. ज्या घरचा बैल गेला तिथे माणसे जाऊन बसली, बायांनी डोळ्यांना पदर लावला, त्या वर्षी पोळ्याला त्या घरच्यांना काय वाटेल याचा सगळ्यांनी विचार केला. जनावर गेल्याचे दुःख कसे करायचे हे आमच्या गावाला पक्के ठाऊक आहे, फक्त त्या जनावराने नांगर ओढलेला असावा किंवा दूध दिलेले असावे. बुवाने काहीच केले नव्हते. पारावर एकाने मला विचारले, “काहून जी बाई, सरड्यापायी नागपूरले गेलत्या म्हनते?” त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, निखळ कुतूहल होते, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. बैलाच्या बाबतीत उपकाराची भाषा वापरता येते. इथे ती लागू नव्हती, आणि दुसरी कोणती भाषा वापरावी ते मला सुचले नाही, म्हणून “हो, गेले होते” एवढेच म्हणून मी पुढे झाले.

तो मला ओळखत होता का, याविषयी माझे मत घरातल्या इतरांपेक्षा कोरडे आहे. माझ्या हाताला तो घाबरत नसे, परक्या माणसाला पाहून दाढी काळी करी आणि मला पाहून करीत नसे, एवढे खात्रीने सांगता येते. त्यापुढे माया, जिव्हाळा वगैरे शब्द मी वापरणार नाही. पण त्याच्या आत काहीच घडत नव्हते असेही मानणार नाही. २०१६ साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदूसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याच जातीच्या सरड्यांच्या झोपेचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. माणसाच्या झोपेत मंद लहरींचा टप्पा आणि डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा जसे आळीपाळीने येतात, तसेच या सरड्यांतही येतात असे त्यात आढळले. आपले एक आवर्तन साधारण दीड तासाचे असते, त्यांचे सुमारे ८० सेकंदांत पुरे होते. आजारपणात रात्री पेटीजवळ बसलेली असताना मिटलेल्या पापण्यांखाली त्याच्या बुबुळांची हालचाल मी पाहत असे. तो स्वप्न पाहत होता असे त्या शास्त्रज्ञांनी म्हटलेले नाही, तेव्हा मीही म्हणत नाही. पाहत बसायला मात्र मला आवडायचे.

मार्चच्या मध्यावर पुन्हा रक्त तपासले. युरिक ॲसिड किंचित उतरले होते, मूत्रपिंडांचे बाकीचे आकडे बिघडले होते. पुढच्या पायांचे कोपरही आता सुजले होते, आणि दगडावर चढता येत नसल्यामुळे तो खाली वाळूवर, उबेपासून दूर, पडून राही. तोंड उघडून पातळ केलेले खाणे भरवले तर अर्धे बाहेर येई. डॉक्टरांनी फोनवर दयामरणाचा विषय काढला तेव्हा त्यांनी फार सावधपणे शब्द निवडले, कारण खेड्यातून येणारे बहुतेक लोक ते ऐकून फोन ठेवून देतात असा त्यांचा अनुभव होता. आमच्याकडे जनावर कितीही तडफडले तरी त्याचा शेवट आपल्या हाताने करणे पाप मानतात. म्हाताऱ्या बैलाला कसायाला देणारा माणूसही घरी सुई टोचून घ्यायला तयार होत नाही; या विसंगतीवर मला पूर्वी राग यायचा, आता स्वतःवर पाळी आल्यावर मी निदान ती समजू शकले.

मी दोन दिवस कोणाला काही सांगितले नाही. मग सासूबाईंना सांगितले, कारण त्यांचा विरोध होईल असे गृहीत धरून मला तो एकदाचा ऐकून घ्यायचा होता. त्या मटार सोलत होत्या. त्यांनी विचारले, “त्याले दुखते का?”

दुखत असणार, मी म्हटले. माणसांत हे दुखणे फार असह्य असते, आणि त्यांना स्वतःला तर ते माहीतच होते.

“मंग थांबली कायले?”

एवढे बोलून त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या, आणि मी फोन लावायला उठले.

सरपटणाऱ्या प्राण्याला शांतपणे मरण देणे सोपे नसते, आणि हे मला आधी ठाऊक असते तर बरे झाले असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्यांचा मेंदू प्राणवायूच्या अभावात आपल्या मेंदूपेक्षा कितीतरी जास्त वेळ तग धरतो, आणि श्वास थांबल्यावरही हृदय बराच काळ ठोके देत राहू शकते. घरच्या घरी फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला काही लोक देतात. एवढ्या मोठ्या प्राण्याच्या बाबतीत तो क्रूर ठरतो आणि पशुवैद्यकांना तो मान्य नाही. आमच्या डॉक्टरांनी आधी पूर्ण भूल दिली, तो निपचित झाल्याची चिमटा घेऊन खात्री केली, आणि मगच दुसरे इंजेक्शन दिले. श्वास तेव्हाच थांबला. पण त्यांनी छातीवर डॉप्लर यंत्राची कांडी ठेवली आणि त्यातून रक्त वाहण्याचा सूं-सूं आवाज अजून येत होता. तो पूर्ण बंद होऊन, त्यानंतर मेंदूचे काम उरले नाही याची खात्री करेपर्यंत देह मिळणार नाही, असे ते म्हणाले, आणि मला बाहेर बसायला सांगितले. बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक पर्शियन मांजर नखे कापण्यासाठी आले होते आणि त्याच्या मालकाने मला माझ्या प्राण्याचे नाव विचारले. मी सांगितले. तो बराच वेळ माझ्याशी मांजराच्या केसांविषयी बोलत राहिला, आणि मला त्याचे फार बरे वाटले.

शवविच्छेदन करू का, हे त्यांनी विचारले तेव्हा मी होकार दिला. दोन्ही मूत्रपिंडे पांढऱ्या रेषांनी भरलेली होती आणि हृदयाच्या पिशवीवर खडूच्या भुकटीसारखा थर होता. आणखी महिनाभर थांबलो असतो तर त्याच्या वाट्याला काय आले असते, ते त्या थराकडे पाहून कळत होते. देह टाके घालून, कापडात गुंडाळून त्यांनी दिला.

धुऱ्यावरच्या कडुलिंबाजवळ यजमानांनी खड्डा आधीच खणून ठेवला होता. भुलीचे औषध देहात राहते आणि तो देह उकरून खाणाऱ्या प्राण्यालाही बाधू शकतो, म्हणून खड्डा खोल हवा असे डॉक्टरांनी बजावले होते. आमच्या शिवारात कुत्री आहेत, कोल्हे आहेत आणि घोरपडीही आहेत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, आणि आपल्या या परदेशी भाऊबंदामुळे तिला विषबाधा होणे मला रुचले नसते. कंबरेइतका खड्डा पाहून शेजारच्या शेतातला गडी विचारू लागला, की एवढा खोल कोणासाठी. यजमान म्हणाले, “घरचं जनावर हाय.” तो गडी मग टोपी काढून उभा राहिला. वही ठेवणारी मुलगीही आली होती. तिने शेवटच्या रकान्यात काय लिहिले ते मी विचारले नाही.

पुढचे काही आठवडे विचित्र गेले ते वेळापत्रकामुळे. पहाटे दिवा लावायला हात जात असे, आणि बाजारात कोहळे दिसले की बिया काढून किसायचे माझ्या मनात येत असे. शाळेत एका सहकारी शिक्षिकेने सुट्टी कशासाठी घेतली होती ते विचारले, मी घरी आजारपण होते म्हणून सांगितले, आणि कोणाचे हे तिने विचारल्यावर विषय बदलला. सासूबाईंच्या गोळीची वेळ मात्र चुकू लागली, तेव्हा मी ती मोबाइलमध्ये लावून दिली. भाच्याने जर्मनीहून व्हिडिओ कॉल केला, तो रडला, आणि नंतर नवे पिल्लू घेऊन देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटले. माझे मत आता असे झाले आहे की जिथून प्राण्याच्या डॉक्टरकडे पोहोचायला अर्धा दिवस लागतो आणि जिथे रात्रीची ऊब विजेच्या मर्जीवर असते, तिथे हा प्राणी नव्याने आणू नये. आलेल्याला सांभाळणे वेगळे. भाच्याला हे पटले नाही. तो अजून अधूनमधून पिल्लांचे फोटो पाठवतो आणि मी ते पाहते.

पेटी धुऊन माडीवर ठेवली. यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा तसाही बदलायला झाला होता, कारण तो वर्षभरात उजेड देत राहतो पण हाडांना लागणारे किरण देईनासा होतो. वजनकाटा शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. उरला तो दुबिया झुरळांचा डबा. बुवा खाईनासा झाल्यापासून ती कोणी वेचत नव्हते आणि उन्हाळ्याच्या उबेत ती बेसुमार वाढली होती. शेजारच्या काकूंच्या कोंबड्यांना मूठभर टाकून पाहिली, तर त्यांनी कुंपणापर्यंत धाव घेतली. तेव्हापासून काकूंचा नातू दर शनिवारी वाटी घेऊन येतो, अंडी मोठी पडू लागली असे काकू सांगतात, आणि डबा संपला तर हे किडे विकत कुठे मिळतील याची त्यांनी परवा माझ्याकडे चौकशी केली.